गाडी केव्हाच सुरू झाली होती

पाना हातात घेतला की मला ऋतू कळतो. थंडीत तो चावतो. नाशिकच्या पौषातल्या सकाळी तो बोटांना चिकटेल की काय असं वाटतं, आणि दर दोन नटांनंतर तळहातांवर फुंकर घालावी लागते. पावसाळ्यात त्याला बारीक तांबूस घाम फुटतो. आणि महाशिवरात्र उलटली की एक दिवस असा येतो, की पोर्चमध्ये ठेवलेला पाना सकाळीच कोमट लागतो, कुणीतरी आत्ताच वापरून खाली ठेवल्यासारखा. माझा उन्हाळा त्या दिवशी सुरू होतो.

यंदाही तो दिवस आला. कॉलनीच्या कोपऱ्यावर द्राक्षांचे टेम्पो उभे राहायला लागले. निर्यातीतून बाद झालेले, चाळणीत मागे राहिलेले मणी ढिगानं विकायला येतात, संध्याकाळपर्यंत त्यांना आंबूस वास सुटतो, आणि रस्त्यावर सांडलेल्या मण्यांवर मधमाश्या घोंगावतात. त्या वासात आमच्या पोर्चमधला डिझेलचा आणि ग्रीसचा वास मिसळला की जे काही तयार होतं, ते माझ्यासाठी माझ्या मुलीचं नाव आहे. गौरी.

मला हे असं लिहिता येतं, याचं मलाच नवल वाटतं आहे. बोलता कधी आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. गौरीचं इंजिनिअरिंग संपलं होतं. चेन्नईच्या एका कारखान्यात नोकरी ठरली होती, पण रुजू व्हायचं होतं ते पावसाच्या तोंडावर. मधले महिने रिकामे. एका दुपारी जेवताना ती म्हणाली, "पप्पा, आपण गाडी बनवू या."

"कसली?"

"डोंगर चढणारी. सुभाषमामाच्या मळ्यामागचा डोंगर."

सुभाष हा माझा मेहुणा, माझी बायको शैला हिचा धाकटा भाऊ. देवळ्याकडे त्याची कांद्याची शेती आहे. मळ्याच्या मागे एक उघडाबोडका डोंगर आहे, त्यावर दगडगोट्यांची एक वाट जाते. शेळ्या जातात, माणसं जातात, गाडी कधी गेलेली नाही. गौरी लहानपणी सुट्टीत तिथे गेली की अंगणात बसून त्या वाटेकडे बघत राहायची.

मी भाजीत पोळी बुडवली आणि म्हणालो, "चासी कुठून आणायची?"

शैलानं कपाळाला हात लावला. "अहो, माणसानं हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं. चासी काय!"

पण गौरीला कळलं होतं. ती उठून हात धुवायला गेली तेव्हा शीळ घालत होती.

मी सातपूरच्या एका कारखान्यात मशिनांच्या दुरुस्तीचं काम करतो. पहिल्या पाळीहून आलो की गौरी चपला घालून तयार असायची. आम्ही स्कूटरवरून अंबडच्या भंगार बाजारात जायचो. मेलेल्या गाड्यांचं ते गाव. एका बाजूला नुसती दारं, एका बाजूला नुसते गिअरबॉक्स, मध्येच एखादी काच नसलेली केबिन आणि तिच्यात झोपलेलं कुत्रं. गौरी एकेका सांगाड्याभोवती फिरायची, नखानं गंज खरवडायची, पान्यानं ठोकून आवाज ऐकायची. आवाज खणखणीत आला तर मान डोलवायची, बद्द आला तर पुढे. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "ताई, लोक पोरगी बघायला जातात ना, तेपण एवढं ठोकून बघत नाहीत!"

"म्हणूनच फसतात," गौरी म्हणाली.

तो इतका हसला की त्यानं चहा मागवला.

चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मिळाली ती एका जुन्या जीपची. देवळालीच्या लष्करी लिलावातून कुणीतरी घेतलेली, मग शेतात, मग कुठे कुठे फिरून इथे आलेली. इंजिन एका दुधाच्या पिकअपचं, घाटात उलटलेल्या. पिकअप चेपली होती, इंजिनाला ओरखडा नव्हता. बसायची बाकं शाळेच्या व्हॅनमधून काढली. त्यातल्या एका बाकाच्या पाठीवर कुणीतरी कर्कटकानं 'मला उलटी येते' असं कोरलं होतं. मी म्हणालो, रेक्झिन बदलून घेऊ. गौरी म्हणाली, "अजिबात नाही. डोंगर चढताना उपयोगी पडेल." बॉनेट आम्ही घरीच बनवलं, गच्चीवरच्या जुन्या टाकीचा पत्रा कापून. अशा गाडीला कागदपत्रं नसतात. ती रस्त्यावर न्यायची नसते. शेत, माळ, डोंगर, एवढंच तिचं जग. आम्हांला तेवढंच पुरत होतं.

शेजारचे पाटीलकाका संध्याकाळी फिरायला निघाले की आमच्या फाटकाशी थांबायचे. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असायच्या, गौरी डोळ्यांवर चष्मा लावून पत्रा कापत असायची.

"काय हो, लेकीला आंदणात रणगाडा देताय काय?"

"नाही काका," गौरी ग्राइंडर बंद करून म्हणायची, "माझ्याच वरातीत मी चालवणारे. तुम्ही मागं हौद्यात बसा. बँड वाजवायला."

काका खूश होऊन पुढे जायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी खोडी घेऊन यायचे.

मी त्या दिवसांत किती बोललो! 'बारा-तेराचा पाना दे.' 'धर.' 'आणखी.' 'सोड.' 'अर्धा फेरा मागे.' दुसऱ्या कुणाला ते बोलणं वाटणार नाही. पण त्याआधीची सगळी वर्षं माझं मुलीशी बोलणं तिच्या आईमार्फत चालायचं. ती जेवली का विचार, तिला म्हणावं उशीर करू नको, तिला पैसे हवेत का बघ. गौरी समोर बसलेली असायची आणि मी हे शैलाला सांगत असायचो. वाईट काही नव्हतं मनात. जीभच वळायची नाही. मशीन बिघडलं की माझा हात बरोबर बिघाडावर जातो. माणसापुढे मात्र तो कुठे ठेवायचा हे मला कधी सुचलं नाही.

एकदा आम्ही दोघं गाडीखाली पाठीवर पडलो होतो. वर गिअरबॉक्स, दोघांच्या कपाळावर तेलाचे ठिपके. ती गिअरबॉक्सकडे बघत म्हणाली, "पप्पा, कॉलेजात मला एक मुलगा आवडायचा. आता नाही आवडत."

मी पण गिअरबॉक्सकडेच बघत होतो. मला खूप काही म्हणायचं होतं. मी तिच्या हातात फडकं दिलं आणि म्हणालो, "डोळ्यात जाईल तेल. पूस."

तिनं पुसलं. आम्ही काम पुढे चालू ठेवलं. पण त्या दिवशी ती रात्रीच्या जेवणात भरपूर बडबडली, आणि मला वाटलं, फडकं बरोबर जागी पोचलं असावं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली होती. पुढचा अॅक्सल एका गाडीचा आणि मागचा दुसऱ्या गाडीचा, हे मीच घाईत आणलं होतं. दिसायला जुळे भाऊ. पण आतल्या दात्यांचा हिशेब वेगळा. दोन चाकांवर गाडी ढकलली तर सुतासारखी जायची, आणि चारही चाकं जोडली की अडायची, जणू पुढची दोन चाकं घाईत आणि मागची दोन रुसलेली. मी दिवसभर डोकं खाजवत होतो. गौरीनं चाकावर खडूची रेघ मारली, शाफ्टवर दुसरी मारली, चाक एकदा फिरवलं आणि शाफ्ट किती फिरतो ते बघितलं. मग मागचं बघितलं. दोन्ही हिशेब जुळेनात. ती उठून उभी राहिली, हात झटकले.

"पप्पा, आपली चूक झाली."

आपली. ती बाजारात माझ्याबरोबर नव्हती सुद्धा त्या दिवशी. हा एक शब्द मला पुढे फार टोचला. अॅक्सल आम्ही बदलून आणला, शब्द आजही टोचतो.

ती गेली तेव्हा गाडी पूर्ण झालेली नव्हती. रेल्वेत बसताना तिनं मला सूचना दिल्या, कुठला पाइप बदलायचा, कुठला बोल्ट आवळायचा राहिला आहे. शैला रडत होती. मी म्हणालो, "क्लचची तार मी बघतो." रेल्वे हलली.

आणि मग एक गंमत झाली. कॉलेजसाठी ती होस्टेलला असताना फोन यायचा तो आईला. शेवटी आई म्हणायची, "पप्पांशी बोलतेस?" आणि मी हातानं नको म्हणायचो, झोपलोय सांग म्हणायचो. आता तिचा फोन थेट माझ्या मोबाइलवर यायला लागला. संध्याकाळी, ती कामावरून खोलीवर पोचली की. "पप्पा, काय झालं आज?" मी पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसलेला असायचो, वाट बघत, आणि पहिल्या रिंगला उचलायचा नाही असं ठरवून पहिल्याच रिंगला उचलायचो. मग आम्ही बोलायचो. सेल्फची मोटर, स्टिअरिंगचा खेळ, स्प्रिंगच्या पाट्यांचा आवाज. अधूनमधून तिच्या तोंडून सहज काही निसटायचं. खोलीतल्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. साहेब चिडका आहे. तिथल्या समुद्राचा वारा खारट आहे, अंग चिकचिकतं. मी ऐकून घ्यायचो आणि परत सेल्फच्या मोटरवर यायचो. पण फोन ठेवल्यावर तो साहेब, ती मैत्रीण, तो खारट वारा हे सगळं माझ्याजवळ राहायचं. शैला विचारायची, "काय म्हणाली?" मी एकेक वस्तू खिशातून काढून दाखवल्यासारखं तिला सांगायचो.

ती दिवाळीला आली, चार दिवस गाडीखाली राहिली, परत गेली.

आणि त्यानंतरच्या माघात, एका गार सकाळी, गाडी सुरू झाली.

मी चावी फिरवली, एकदा खोकली, दुसऱ्यांदा पांढरा धूर ओकली आणि मग तिनं जो सूर लावला तो सोडलाच नाही. मी बॉनेटवर हात ठेवला. टाकीचा पत्रा थरथरत होता. शैला आतून कणकेच्या हातानं धावत आली. "झाली? अहो, झाली? थांबा, नारळ आणते. गौरीला फोन लावा आधी!"

मी मोबाइल काढला. तिचं नाव समोर आलं. माझा अंगठा त्यावर होता. ती ओरडेल, मला माहीत होतं. हसेल, इंजिनाचा आवाज ऐकव म्हणेल. आणि मग? गाडी झाली की गाडीबद्दल काय विचारणार? फोन पुन्हा आईला येईल. शेवटी आई म्हणेल, पप्पांशी बोलतेस? आणि मी हातानं नको म्हणेन.

मी चावी उलटी फिरवली. शैला नारळ घेऊन आली तेव्हा पोर्चमध्ये शांतता होती.

"बंद पडली?"

"मी केली," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी गौरीचा फोन आला. मी म्हणालो, "सुरू झाली होती. पण एअर घेते आहे. दोन मिनिटांत बंद पडते."

बिघाड मी विचार करून निवडला होता, हे लपवत नाही. डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरते आणि इंजिन घुसमटून बंद पडतं. ही हवा कुठून शिरते ते डोळ्यांना दिसत नाही. एखादा वॉशर, एखादा जोड, केसाएवढी चीर. भलेभले मेकॅनिक महिनोन् महिने शोधत बसतात. मला महिनेच हवे होते.

आणि पोरगी भिडली की त्याला! फिल्टरचे वॉशर बदला. तांब्याचे घाला. बदलले, मी म्हणायचो, तरी तेच. तिनं तिथून पारदर्शक नळी पाठवली, आतली हवा दिसावी म्हणून. मी ती बसवली. गाडी सुरू केली. नळीतून डिझेल इतकं स्वच्छ वाहत होतं, की पहाटेच्या झऱ्याला लाज वाटावी.

"दिसतात का बुडबुडे?"

"दिसतात," मी म्हणालो. "बारीक आहेत."

"बारीक म्हणजे मोहरीएवढे? की त्याहून लहान?"

"लहान."

पलीकडे ती कागदावर काहीतरी काढत होती. पेन्सिलचा आवाज येत होता.

शैलानं काही दिवस चालवून घेतलं. मग एकदा माझ्यापुढे चहा आदळून म्हणाली, "पोरगी तिकडं दमून येते आणि तुमच्या नसलेल्या हवेपायी डोकं फोडत बसते. तुम्हांला काही वाटतं का हो?"

"सांगतो पुढच्या आठवड्यात."

"तुमचा पुढचा आठवडा मला माहीत आहे."

त्या उन्हाळ्यात सुभाष द्राक्षं न्यायला म्हणून नाशिकला आला आणि त्यानं चावी फिरवून बघितली. गाडी पहिल्याच हाकेला ओ देऊन उभी. तो खाली उतरून तिच्याभोवती फिरला. आनंद झाला की सुभाषच्या तोंडी अहिराणी येते.

"दाजी! हाई गाडी त मस्त चालू शे! ताई त सांगे, बंद पडस म्हणून. हिनामा काय बिघाड शे? काहीच नही!"

मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही लय अवघड माणूस हाये दाजी." थोडं थांबून, "पण मंग नुसती उभी कशाला ठेवता? कांदा काढायला आला. द्या मला."

रिकाम्या ट्रकच्या पाठीवर चढून गाडी देवळ्याला गेली. पूर्ण कांदा हंगाम तिनं शेतातून साठवणीच्या चाळीपर्यंत कांदा वाहिला. सुट्टीच्या दिवशी मी जायचो आणि चालवायचो. उपटलेल्या कांद्याचा तो तिखट-गोड वास, वाळलेल्या पातीचा कचरा, आणि वाऱ्यावर उडणारे तांबूस पापुद्रे. चाळीजवळ तर ते फुलपाखरांसारखे हवेत असायचे. गाडी त्यांतून वाट काढायची आणि मला वाटायचं, हे गौरीनं बघायला हवं. असं वाटायचं आणि मी पुढची खेप भरायचो.

आणि एके दिवशी सुभाष म्हणाला, "दाजी, डोंगर?"

मी नाही म्हणायला हवं होतं. तो डोंगर तिचा होता. पण गाडी हातात असली की माणूस गाडीचा होतो. चारही चाकं जोडली, आणि गोट्यांवरून, घसरड्यावरून, एकदा तर तीनच चाकांवर तोल सांभाळत ती वर गेली. सुभाष बाकाला घट्ट धरून शिव्या आणि जयजयकार आळीपाळीनं देत होता. वर पोचलो. खाली पार सटाण्याच्या अंगाची शेतं दिसत होती. इंजिन बंद केलं, ते थंड होताना टिकटिक आवाज करत होतं. माझा हात बॉनेटवर होता.

खाली मळ्यात मोबाइलला रेंज नसते. डोंगरावर असते. फोन वाजला.

"पप्पा, मी एक विचार केलाय. टाकीतूनच हवा येत असेल तर? आतला पाइप वर राहिला असेल. चालू झाली का आज?"

तापलेल्या पत्र्यावरून हात उचलून मी म्हणालो, "नाही गं."

सुभाष दुसरीकडे बघायला लागला.

माझ्या आयुष्यातली वाईट कामं मोजायला मी बसलेलो नाही. पण ते दोन शब्द बोलताना मला माझाच आवाज ऐकू आला, आणि तो अगदी सरळ होता. हीच गोष्ट मला घाबरवून गेली.

पुढची दिवाळी. गौरी आली नाही. म्हणाली, दिवाळीची सुट्टी घेतली तर उन्हाळ्यात मिळणार नाही. साठवून ठेवते, मोठी सुट्टी घेऊन येते, एकदाचा तो बिघाड काढून टाकू. शैलानं चकल्या केल्या. डब्यात भरताना तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या हवेपायी माझी दिवाळी गेली."

मी त्याही संध्याकाळी सांगितलं नाही.

यंदा, पाना कोमट लागायला लागला त्याच दिवसांत, गौरी आली. गाडी त्याआधीच परत आणून पोर्चमध्ये लावली होती, धुतली होती, वर ताडपत्री टाकली होती. ती यायच्या दिवशी मी पहाटे उठलो आणि डिझेलच्या नळीचा एक बोल्ट अर्धा फेरा सैल केला. खोट्याला खरं केलं. वाटलं, तिला तो सापडेल, तिचा विजय होईल, सगळं मिटेल.

तिनं बॅगेतून कपड्यांत गुंडाळलेला एक पंप काढला. तिकडच्या एका कारागिराकडून डिझेलचा पंप नव्यासारखा करून आणला होता, बॅग मांडीवर घेऊन, रेल्वेतून, एवढ्या लांबून. चहासुद्धा न पिता ती गाडीत शिरली. मी खुर्चीवर बसून होतो.

"पप्पा!" थोड्याच वेळात ती ओरडली. "पप्पा, सापडलं! हा बघा, हा बोल्ट! हाताला हलतोय! एवढं सगळं बदललं आणि हाच राहिला होता!"

तिनं तो आवळला. चावी फिरवली. गाडी सुरू झाली, आणि चालू राहिली. ती खाली उतरून माझ्या गळ्यात पडली. मोठी झाल्यापासून पहिल्यांदा. तिच्या केसांना रेल्वेचा आणि डिझेलचा वास येत होता. शैला दारात उभी होती. तिनं तोंड फिरवलं आणि आत गेली.

गाडी तापते का बघते, म्हणून गौरी पुढे गेली. जाळीतून टॉर्च मारून रेडिएटर बघायला लागली. आणि बघतच राहिली. मग दोन बोटं आत घालून तिनं काहीतरी ओढून काढलं. कांद्याचा पापुद्रा. दुसरा. मग एक थरच निघाला, दाबून बसलेला, धुण्याच्या पाण्यानंही न निघालेला.

पंखा फिरत असेल तरच रेडिएटर असा पापुद्रे ओढून घेतो, तेही तासन् तास. हे मला कळतं आणि तिलाही कळतं. आम्ही दोघांनीच तो पंखा बसवला होता.

ती पापुद्र्याकडे बघत म्हणाली, "मामानं कांदे आणून ठेवले होते का इथं? वाऱ्यानं गेलं असेल."

तिनं मला वाट करून दिली होती. चांगली रुंद वाट. मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मामाकडे गेली होती गाडी. कांदा वाहिला तिनं."

तिनं इंजिन बंद केलं.

"कधी?"

"गेल्या उन्हाळ्यात. त्याच्या आधीपासून सुरू आहे. गेल्या वर्षीच्या माघापासून."

"मग ते बुडबुडे?"

"नव्हते."

"हा बोल्ट?"

"आज पहाटे केला सैल. मी." आणि आता आलोच आहे तर पुरतं जाऊ म्हणून मी तेही सांगितलं, "डोंगरही चढली. तुझा फोन आला होता तेव्हा मी वरच होतो."

ती पायरीवर बसली. तो पंप तिच्या शेजारी, तिच्याच ओढणीत गुंडाळलेला.  कोपऱ्यावरचा द्राक्षवाला ओरडत होता.

"मी दिवाळीला आले नाही, पप्पा."

"हो."

"का केलंत?"

मी खूप शोधलं. शेवटी जे होतं तेच निघालं. "गाडी झाली असती, तर तू मला कशाला फोन केला असतास?"

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले, पण आवाज मी डोंगरावर वापरला होता तसाच सरळ.

"आणि तुम्ही? तुम्ही कधी केलात?"

मी केलेला नव्हता. दोन वर्षांत एकदाही नाही. नुसती वाट बघत होतो खुर्ची टाकून, आणि यालाच मी प्रेम समजत होतो.

उरलेल्या सुट्टीत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. रेडिएटर तिनं काढला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक फट साफ केली, परत बसवला. राग असला तरी काम अर्धं टाकायचं नाही, हे तिनं कुठून उचललं कुणास ठाऊक. सुभाष तिला फोनवर म्हणाला, गाडी घेऊन ये भाची, डोंगर दाखवू. ती म्हणाली, "डोंगर बघून झाला मामा, पप्पांचा." आणि माझ्याकडे न बघता भाजी चिरत राहिली. जाताना आईला मिठी मारली, मला नमस्कार केला. नमस्कार फार लांबून करता येतो.

त्यानंतर मोबाइल माझ्या खिशात गप्प आहे. आईच्या मोबाइलवर फोन येतो. शैला मला हाक मारत नाही, मीही हात हलवत नाही. संध्याकाळी खुर्ची टाकतो, सवयीनं. द्राक्षं संपत आली आहेत. गाडी गेली देवळ्याला, कांद्यावर.

परवा शैला भांडी पुसता पुसता म्हणाली, "मुलीनं प्रश्न विचारला होता तुम्हांला."

"मी काय उत्तर देणार?"

"तोंडानं द्यायचं उत्तर नव्हतं ते," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

काल मी फोन लावला. ती खोलीवर पोचायची वेळ बघून. आधी मनात चार वाक्यं जुळवली होती. रिंग वाजली तशी चारही गेली.

"पप्पा?" ती घाबरली होती. माझं नाव तिच्या फोनवर असं कधी उमटलंच नव्हतं. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मामा?"

"तोही बरा आहे. गाडीही बरी आहे. सगळं चालू आहे."

  कानात तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता.

"काय करते आहेस?" मी विचारलं. हा प्रश्न मी मुलीला याआधी कधी विचारला होता, मला आठवेना.

"डाळ लावलीय."

"कुठली?"

"तुरीची. अजून कुठली असते पप्पा?"

"मुगाचीही असते," मी म्हणालो. "तब्येत कशी आहे? आणि साहेब? अजून चिडका आहे का?"

 "तुमच्या लक्षात आहे?"

"हो."

"मला अजून राग आहे."

"असू दे," मी म्हणालो. "मी उद्याही करीन."

"उद्या कशासाठी?"

"कशासाठी नाही."

तिनं श्वास सोडलेला मला ऐकू आला. मला वाटलं, आता ठेवेल. पण ती म्हणाली, "थांबा, शिट्टी होऊ दे. मग सांगते साहेबाचं."

मी थांबलो. तिकडे कुकर नुसताच फुसफुसत होता, अजून दाब धरायचा होता. ती बोलत नव्हती, मी बोलत नव्हतो, आणि फोन दोघांपैकी कुणी ठेवला नाही.